गुरुजनांवरील आरोप आणि मुलांची साक्ष

‘टर्म ऑफ ट्रायल’ या १९६२ च्या इंग्रजी चित्रपटात लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी शिक्षकाची भूमिका केली आहे. विद्यार्थिनीच्या खोट्या आरोपामुळे त्या शिक्षकाला कोर्टात उभे राहावे लागते. अखेर तीच सत्य सांगते व तो सुटतो. त्याच्यासाठी हळहळणाऱ्यांस आम्ही विचारतो : बीदरच्या शिक्षिकेसाठी आपण किती हळहळलो?

बीदरच्या शाहीन शाळेत २१ जानेवारी २०२० रोजी मुलांनी नागरिकत्व दुरुस्ती कायद्यावर नाटुकले केले. त्यातील पंतप्रधानांविषयीच्या शब्दांवरून राजद्रोहाचा गुन्हा नोंदला गेला. ३० जानेवारीस मुख्याध्यापिका आणि एका मुलीची आई यांना अटक झाली. जामिनासाठी १४ फेब्रुवारी उजाडावी लागली. चित्रपटातील मुलगी आपण होऊन बोलली. येथे मात्र मुलांना बोलते करण्यासाठी पोलीसच शाळेत आले, आणि तेही वारंवार.

ते शब्द मुलांच्या तोंडी शोभले काय? मुळीच नाही. पण अनौचित्य निराळे आणि अपराध निराळा, हा भेद कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असतो. हिंसेची वा अव्यवस्थेची चिथावणी नसेल तर राजद्रोह होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह खटल्यात १९६२ सालीच सांगितले होते. तेच सूत्र धरून उच्च न्यायालयाच्या कलबुर्गी खंडपीठाने १४ जून २०२३ रोजी शाळाचालकांवरील कारवाई रद्द केली. ते शब्द मात्र न्यायालयाने बेजबाबदारपणाचेच मानले.

मुलांच्या तक्रारी दडपाव्या, असे आमचे म्हणणे नाही. शिक्षकाने अत्याचार केला तर मुलाचे ऐकलेच पाहिजे. २०१२ चा पोक्सो कायदा त्यासाठीच आहे. परंतु तोच कायदा सांगतो की, मुलाचा जबाब घेताना अधिकाऱ्याच्या अंगावर गणवेश नसावा. बीदरला गणवेशधारी, सशस्त्र पोलीस मुलांपुढे बसले. हा बालहक्कांचा गंभीर भंग सकृद्दर्शनी दिसतो, असे उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये म्हटले.

भालकी-औरादकडच्या मराठी शाळांतूनही स्नेहसंमेलने होतात, नाटके बसतात. उद्या एखाद्या वाक्यावरून कोणी फिर्याद केली, तर आपल्या गुरुजींविरुद्ध आपलीच मुले साक्षीदार होतील. राजद्रोहाचे जुने कलम १ जुलै २०२४ पासून गेले असले, तरी त्याच्या जागी आलेले कलम १५२ कमी कठोर नाही. म्हणून आमची मागणी साधी आहे : आरोप कायद्याच्या कसोटीस आधी लागावा, अटक नंतर व्हावी, आणि शाळेच्या उंबरठ्याबाहेर बंदूक राहावी.