बॉल पायात ठेवायचा की समोर हाणायचा?

हॉस्टेलच्या एका खोलीत मॅच बघायला आठ-दहा जण जमले की दोन पक्ष आपोआप पडतात, हे तुम्हाला सांगायला नको. रात्रीचे साडेबारा वाजलेले, मोबाइल उशीला टेकवलेला, नेट अडखळतंय आणि स्क्रीनवर गोलकीपर डिफेन्डरला पास देतोय, डिफेन्डर परत गोलकीपरला. एक पक्ष ओरडतो, "काय बे, मागच्या मागेच पास देऊन राहिले! हाण ना समोर!" दुसरा पक्ष शांतपणे, जरा वरच्या पट्टीत सांगतो, "तुला फुटबॉल समजत नाही. ते समोरच्यांना ओढून आणून राहिले." पुढचं भांडण तुम्हाला पाठ आहे. त्यात ग्वार्डिओला येतो, मोरिन्हो येतो, कोणाचा तरी बाप येतो आणि सकाळी आठचं लेक्चर बुडतं.

भांडू नका असं कोण म्हणेल? भांडायलाच पाहिजे. पण भंडारा जिल्ह्यात, तुमसर-साकोली-पवनीच्या कॉलेजांत शिकणाऱ्या आपण या वादात आपल्या जवळची उदाहरणं सोडून दिली आहेत. आणि एक प्रश्न तर आपण विचारतच नाही. तो शेवटी येईल.

आधी जुनं प्रकरण. चार्ल्स रीप नावाचा एक इंग्रज होता. रॉयल एअर फोर्समधला अधिकारी, कामाने हिशेबनीस. १९५० साली स्विंडन टाउनची मॅच बघता बघता त्याने प्रत्येक चालीतले पास कागदावर टिपायला सुरुवात केली आणि पुढे कितीतरी वर्षं हे टिपण चालू ठेवलं. हजारो चालींचा हिशेब लावून तो म्हणाला, सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासमध्ये होतात. मग दहा-पंधरा पास कशाला? बॉल लवकर समोर पाठवा. इंग्लंडमधल्या अनेक प्रशिक्षकांनी हे मनावर घेतलं. 'हाण समोर' पक्षाला पहिला आकडेशास्त्री मिळाला तो असा.

पण यात एक गोची होती. रीपच्याच टिपणांत एकूण चालींपैकी ९० टक्क्यांहून जास्त चाली तीन पासांच्या आतच संपत होत्या. आता समजा, आपल्या कॉलेजात ९० टक्के पोरं एसटीने येतात आणि पास झालेल्यांत ८० टक्के एसटीवाले निघाले. मग 'एसटीने आलं की माणूस पास होते' असं म्हणाल का? उलट, सायकलने येणारे दहाच टक्के असून पास झालेल्यांत वीस टक्के भरले, म्हणजे सायकलवाल्यांचा निकाल जास्त चांगला लागला. लांब चालींचं तसंच होतं. त्या कमी होत होत्या, पण झाल्या की त्यांतून गोल होण्याचं प्रमाण जास्त होतं. एवढा कष्टाळू माणूस भागाकारात घसरला आणि त्यावर अख्खी पिढी खेळली. स्टॅटिस्टिक्सचा पेपर राहिलेल्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवायला हरकत नाही.

पासिंगवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये. २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये स्पेनने रशियाविरुद्ध हजारावर पास दिले आणि पेनल्टीवर घरी गेले. २०२२ मध्ये जपानकडे बॉल जेमतेम १८ टक्के वेळ होता, तरी त्यांनी स्पेनला २-१ ने हरवलं. आणि २०२४ चा युरो त्याच स्पेनने जिंकला तो यमाल आणि निको विल्यम्स हे दोन पोरगे दोन्ही कडांनी सरळ अंगावर धावून जात होते म्हणून. टिकी-टाकाच्या माहेरातच माणसं बदलली, पण आपल्या खोलीतले दोन पक्ष अजून २०११ मध्येच बसलेले आहेत.

आता आपल्या राज्यात या. या वादाचा सगळ्यात भारी नमुना युरोपात नाही, मुंबईत आहे. तिथे थोड्या वर्षांच्या अंतराने दोन क्लब होऊन गेले, दोन टोकांचे.

पहिला मुंबई एफसी. आय-लीगमधला, पैशाने बेताचा क्लब. २००९ पासून सात वर्षं खालिद जमील त्याचा प्रशिक्षक होता. खेळ बघायला देखणा नव्हता. बचाव घट्ट, मग लांब बॉल, मग त्या बॉलच्या मागे धाव. लोक नाकं मुरडायचे. पण दरवर्षी हा क्लब खालच्या श्रेणीत जाता जाता वाचायचा. २०१६ मध्ये जमील गेला मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे. आदल्या वर्षी हा क्लब खाली घसरला होता, आणि गोव्याच्या क्लबांनी लीग सोडल्यामुळे त्याला परत जागा मिळाली होती. त्याच क्लबने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली. आणि जमीलविना उरलेला मुंबई एफसी? त्याच सीझनला तळाला जाऊन बाहेर पडला. नाक मुरडणाऱ्यांपुढे याहून मोठा पुरावा काय ठेवायचा! हाच जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचा प्रशिक्षक झाला तेव्हा आपल्या ग्रुपांवर 'आता लाँग बॉल बघा' असे मीम फिरले. सप्टेंबरमध्ये त्याच टीमने सीएएफए नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर घेतला. ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरकडून हरून एशियन कपचं तिकीटही गमावलं. म्हणजे दोन्ही पक्षांना बोलायला भरपूर.

दुसरा क्लब मुंबई सिटी. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी त्यात मोठा हिस्सा घेतला आणि पुढच्या वर्षी सर्जिओ लोबेरा आला. हा बार्सिलोनाच्या शाळेतला माणूस. आधी एफसी गोवाला त्याने असंच पासिंग शिकवलं होतं, आणि येताना तिथले जाहू, फाल, बुमूस, मंदार राव देसाई हे त्याच्या पद्धतीत मुरलेले खेळाडू मुंबईने घेतले. हे नीट लक्षात घ्या. पझेशन फुटबॉल एका रात्रीत शिकवता येत नाही, म्हणून शिकलेली माणसंच आणावी लागली. त्याला पैसा लागला.

१३ मार्च २०२१, गोव्यातलं फातोर्डा, कोरोनामुळे रिकामं स्टेडियम, आयएसएलची फायनल. एका बाजूला लोबेराची मुंबई, दुसऱ्या बाजूला अँटोनियो हबासचं एटीके मोहन बागान. हबास म्हणजे आधी बचाव, मग झडप. कागदावर तर हीच ती लढाई, ताबा विरुद्ध थेट. झालं काय, बघा. पहिला गोल मोहन बागानचा. मुंबई मागून पास देत बाहेर येत होती, जाहूच्या पायातून रॉय कृष्णाने बॉल हिसकावला, डेव्हिड विल्यम्सने गोल ठोकला. तुमच्या खोलीतला 'हाण समोर' पक्ष इथे उभा राहून नाचला असणार. मग बरोबरी. ती कशी? त्याच जाहूने लांब बॉल टाकला, बिपिन सिंगला गाठण्यासाठी. तो अडवायला गेलेल्या तिरीच्या डोक्याला लागून बॉल त्याच्याच गोलात गेला. आणि ९० व्या मिनिटाला विजयी गोल. गोलकीपर अरिंदम भट्टाचार्य पुढे आला, त्याला बॉल सावरता आला नाही, ओगबेचेने तो बिपिनला दिला आणि बिपिनने रिकाम्या जाळ्यात सारला. २-१.

म्हणजे भारतातली सगळ्यात पासिंगवाली टीम फायनल जिंकली, पण तिच्या दोन्ही गोलांमध्ये तीस पासांची चाल कुठेच नव्हती. जाहूला लहान पास येत होता म्हणूनच त्याचा लांब पासही धोक्याचा होता. समोरच्याला ठाऊकच नसायचं, हा आता काय करेल. मला वाटतं, सगळा वाद या एका खेळाडूच्या पायात सापडतो. चांगल्या टीमकडे दोन्ही असतं आणि केव्हा काय, हे ठरवायची मुभा तिला असते.

आणि 'मुभा' इथेच आपला जिल्हा येतो.

आपल्याकडचं मैदान डोळ्यांसमोर आणा. जून ते सप्टेंबर चिखल. दिवाळीनंतर तीच जमीन वाळून टणक, बुटांचे खड्डे जसेच्या तसे वाळलेले. त्याच मैदानावर क्रिकेटची पिच, त्यावरच सभा, त्यावरच मेळावा, आणि मंडपाच्या खुंट्यांची भोकं कोणी बुजवत नाही. गावाकडे तर धान कापल्यावर बांधीत धसकटं तुडवत खेळणारी पोरं आहेत. अशा जमिनीवर दहा मीटरचा साधा पास द्या. बॉल वाटेत दोनदा उडतो आणि समोरच्याच्या नडगीवर जाऊन आदळतो. तो पोरगा तीनदा असा फसला की चौथ्या वेळी काय करेल? डोळे मिटून हाणेल. तुम्हीही हाणाल. यात 'फुटबॉलची समज' कुठे आली?

पण म्हणून आपल्याकडे डायरेक्ट फुटबॉल खेळतात असंही म्हणू नका. ते कौतुक आपल्या वाट्याचं नाही. लांब बॉल टाकला की सगळी टीम पंधरा-वीस मीटर वर सरकते, पहिला हेडर हरला तरी खाली पडणारा दुसरा बॉल आपला, यासाठी दोघं-तिघं आधीच ठरलेल्या जागी उभे असतात. जमीलच्या टीमा हेच महिनोन् महिने घटवतात. आपल्याकडे बॉल समोर जातो, एकटा फॉरवर्ड दोन डिफेन्डरांत सापडतो आणि बाकीचे कमरेवर हात ठेवून बघत राहतात. ही शैली नाही, ही सुटका आहे.

दोन्हींना सराव लागतो आणि आपल्याकडे नेमका तोच नाही. नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं पत्रक आलं की नोटीस बोर्डावर कागद लागतो, 'इच्छुकांनी नावे द्यावीत'. बऱ्याच ठिकाणी टीम उभी राहते ती या कागदानंतर. आठ-दहा दिवस, संध्याकाळी तासभर, अकरा विरुद्ध जे असतील ते. पूर्ण मैदानावरच्या मॅचमध्ये एका खेळाडूच्या पायात बॉल जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो. मग तासाभराच्या खेळात पोरगा शिकेल काय? (मुलींची टीम तर कित्येक कॉलेजांत त्या कागदावरही नसते. त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल.)

कोल्हापूरशी तुलना केली की लोक म्हणतात, तिथलं पाणीच वेगळं. पाणी नाही, सवय वेगळी. तिथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब अशा पेठांच्या टीमा आहेत, शाहू स्टेडियमवर सीझन रंगतो आणि 'पास दे' की 'मार' हे प्रेक्षक ज्याला ओरडून सांगतात तो त्यांच्या गल्लीतला असतो. त्याला ते ऐकू जातं. २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपला भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच गावचा. आपण मात्र रात्री दीडला ज्यांना शिव्या घालतो, त्यांना भंडारा नकाशावर कुठे आहे तेही ठाऊक नाही.

तर तो न विचारलेला प्रश्न हा, की आपल्या कॉलेजच्या टीमला शैली निवडता येईल अशी वेळ कधी येणार? त्यासाठी अख्खं हिरवंगार मैदान लागतं, असं सांगून कोणी वेळ मारून नेत असेल तर ऐकू नका. वीस बाय वीस मीटरचा एक तुकडा पुरतो. खडे वेचलेला, पाणी मारून रोलर फिरवलेला आणि ज्यावर मंडप पडणार नाही असा. त्यात पाच जण गोल उभे करा, दोघं मध्ये, बॉल हिसकावायला. बार्सिलोनाची पोरं दिवसाची सुरुवात याच खेळाने करतात. पंधरा मिनिटांत प्रत्येकाच्या पायाला बॉल इतक्यांदा लागतो, जितका अख्ख्या मॅचमध्ये लागत नाही. चार महिने हे केलेला पोरगा खड्ड्यातून उडालेला बॉलही मांडीवर घेईल. मग त्याने लांब मारला तर तो त्याने ठरवून मारलेला असेल.

अॅडमिशनची पावती काढून बघा. त्यावर क्रीडा शुल्काची एक ओळ असते. ती रक्कम तुम्ही भरलेली आहे. ती यंदा कशावर खर्च झाली, रोलर आहे का आणि सराव नोटीस लागल्यावर सुरू होणार की पावसाळा सरल्याबरोबर, हे तिन्ही प्रश्न क्रीडा विभागाला लेखी विचारता येतात. अर्ज एका पानाचा होतो. त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या घ्या, टिकी-टाकावाल्यांच्याही आणि 'हाण बे'वाल्यांच्याही.