पोटातून जाणारी वाट

आपल्या वाशिमकडे बोगदा म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो रेल्वेरुळाखालचा मोरीवजा रस्ता. पावसाळ्यात तेथे गुडघाभर पाणी साचते आणि पोरे त्यात उड्या मारतात. खरा बोगदा काय असतो हे आमच्या घरच्यांना कळले ते आजारपणाच्या निमित्ताने.

आमच्या वहिनींना मुंबईस परळच्या दवाखान्यात न्यायचे होते. पूर्वी एकदा त्यांना कसारा घाटातून नेले होते. वळणावळणाला ओकारी, पुढे मालट्रकांची रांग, आणि मागे बसलेल्यांनी त्यांचे डोके मांडीवर धरून ठेवलेले. या खेपेस शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर चढलो. इगतपुरीपाशी गाडी डोंगराच्या पोटात शिरली आणि हा बोगदा पावणेआठ किलोमीटरांचा आहे असे चालकाने सांगितले. वहिनींनी विचारले, “घाट कधी लागणार हो?” तोवर घाट मागे पडला होता. ज्या घाटाला अर्धा-पाऊण तास जाई, तो आठ-दहा मिनिटांत संपला. हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला.

पुढे चेंबूरच्या पांजरापोळपाशी दुसरा बोगदा लागला. हा छोटा, जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा, पण भर वस्तीजवळचा. पूर्व मुक्त मार्गावरचा हा जोडबोगदा २०१३ साली सुरू झाला. टेकडीला वळसा न घालता गाडी सरळ वडाळ्याकडे निघते. येथे आमच्या मनात विचार आला की डोंगरातल्या बोगद्याचा फायदा कोणालाही समजतो, पण शहराच्या खालून रस्ता नेण्याचा खटाटोप कशासाठी?

उत्तर उड्डाणपुलाखाली राहणाऱ्यांना विचारावे. मुंबईत कितीतरी ठिकाणी पूल तिसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोरून गेला आहे. रात्रभर गाड्यांची घरघर चालते, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते आणि लेकरांचा खोकला हटत नाही. अशा खिडक्या बहुधा कष्टकऱ्यांच्याच असतात. अमेरिकेतील बोस्टन शहरात १९५० च्या दशकात असाच उंच रस्ता हजारो माणसांना उठवून वस्त्यांमधून काढला होता. पुढे तो पाडून रस्ता जमिनीखाली नेला आणि वरच्या मोकळ्या पट्ट्यात बागा केल्या. खालची वाट वरच्या माणसाला आकाश परत देते, हा बोगद्याचा आमच्या मते सर्वांत मोठा लाभ आहे. मिनिटे वाचतात ती वेगळी.

मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यावर गिरगाव चौपाटी ते प्रियदर्शिनी पार्क असे दोन किलोमीटरांहून थोडे लांब दोन बोगदे आहेत. बारा मीटर व्यासाच्या ‘मावळा’ नावाच्या यंत्राने मलबार टेकडीच्या पोटात ते खोदले. एक मार्च २०२४ मध्ये, दुसरा जूनमध्ये सुरू झाला. वर टेकडीवर श्रीमंतांचे बंगले होते तसेच आहेत, कोणालाही उठावे लागले नाही. मात्र गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या बोगद्याची वेळ आली तेव्हा चित्रनगरीतील आदिवासी पाड्यांपुढे घरे हलवण्याचा प्रश्न उभा राहिला. बोगदा पोटातून जातो खरा, पण त्याला तोंडे असतात, आणि तोंडापाशी कोण राहतो ते पाहिले पाहिजे. आतला धूरही तेथूनच बाहेर पडतो.

आणखी एक गोष्ट आम्हाला खटकते. सागरी किनारा रस्त्यावर दुचाकीला आणि रिक्षाला मनाई आहे. समृद्धीवरही मोटारसायकल चालत नाही. नागपूरहून आमण्यापर्यंत हलक्या वाहनाला एप्रिल २०२५ च्या दराने सुमारे १,४४५ रुपये पथकर पडतो. चार घरांनी वर्गणी काढून गाडी केली तरच हे परवडते. अशा रस्त्यांवर सरकारी बस भरपूर धावली तर हा लाभ आपल्या दारात येईल. गाडीवाल्यापुरताच तो राहिला, तर तो अर्धाच लाभ.

आता आपल्या चालक बांधवांसाठी थोडे. आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ तरुण भाड्याच्या गाड्या चालवतात. बोगद्यात भीती असते ती आगीची. १९९९ साली फ्रान्स-इटलीच्या सीमेवरील मों ब्लां बोगद्यात एका मालट्रकने पेट घेतला आणि ३९ माणसे दगावली. तो एकच नळीचा बोगदा होता, येणारे-जाणारे एकाच पोकळीत. म्हणूनच आता जोडबोगदे करतात आणि मध्ये ठरावीक अंतरावर एका नळीतून दुसरीत जाण्याची दारे ठेवतात. इगतपुरीच्या बोगद्यात उष्णता वाढताच पाण्याचे तुषार सोडणारी यंत्रणा बसवलेली आहे. पण यंत्रणेच्या भरवशावर झोप काढू नये. आत शिरताना दिवे लावावेत, गाडी ओलांडू नये, पुढच्या गाडीपासून चांगले अंतर ठेवावे. गाडी बंद पडली तर डाव्या कडेला घेऊन इशाऱ्याचे दिवे लावावेत. धूर दिसला तर इंजिन बंद करावे, किल्ली गाडीतच सोडावी आणि बायकामुलांना घेऊन जवळचे दार गाठावे. धूर वर चढतो, म्हणून वाकून चालावे. सामानासाठी मागे फिरू नये. आणि घरून निघतानाच चाकांची हवा व टायर पाहून घ्यावेत.

वहिनींचे उपचार अजून चालू आहेत, दर महिन्याला फेरी होते. परतताना त्या बोगद्यात हमखास झोपी जातात. आपल्यापैकी जे चालक या मार्गाने नेहमी जातात, त्यांनी आपले अनुभव आम्हास पत्राने जरूर कळवावेत. कोठे दिवे बंद होते, कोठे पाणी गळत होते, तेही लिहावे.