‘इथे क्लिक करा’ म्हणजे कुठे?

पायऱ्या आणि अरुंद दारे किती जणांची वाट अडवतात, हे कोल्हापूरला वेगळे सांगायला नको. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये येथेच ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. ऑनलाइन प्रशिक्षणाने चाकाच्या खुर्चीवरच्या विद्यार्थ्याची ती वाट बरीच सोपी केली. टॅली शिकण्यासाठी तिसऱ्या मजल्यावरचा क्लास गाठण्याची गरज उरली नाही. मात्र त्याच अभ्यासक्रमात अंध किंवा कर्णबधिर विद्यार्थी पहिल्याच धड्यात अडतो, आणि कारण बहुधा अगदी साधे असते.

मराठी नोट्सचेच घ्या. मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेले एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर, मोफत मिळते आणि मराठीही वाचते. मजकूर तेवढा युनिकोडमध्ये हवा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना ‘क’ दिसतो. संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षर असते आणि तेच मोठ्याने वाचले जाते. कानावर निरर्थक अक्षरे आदळत राहतात. छापील पाने स्कॅन करून केलेल्या पीडीएफमध्ये तर अक्षरेच नसतात, असतो तो पानाचा फोटो. व्हिडिओत शिक्षक सांगतात, ‘इथे क्लिक करा, मग हे निवडा.’ बटणाचे नाव घेतले असते, तर विद्यार्थ्याने ते कीबोर्डवरून शोधले असते. कर्णबधिरांसाठी तपासलेली मराठी सबटायटल्स हवीत. सांकेतिक भाषेत वाढलेल्यांना दुभाषीही लागतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला. त्याचे कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सर्वांना वापरता येईल अशी व्यवस्था करण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तरीही खर्चाची सबब पुढे येते, आणि ती आम्हाला पटत नाही. नोट्स पहिल्यापासून युनिकोडमध्ये टाइप करायला जादा पैसे लागत नाहीत. शेकडो पाने तयार झाल्यावर बदलायला लागतात.

म्हणून महाविद्यालयांनी आणि प्रशिक्षण संस्थांनी अभ्यासक्रम बनवून घेतानाच तो सर्वांना वापरता यावा ही अट करारात घालावी. प्रवेश खुले करण्याआधी अंध आणि कर्णबधिर विद्यार्थ्यांना मानधन देऊन तो नोंदणीपासून परीक्षेपर्यंत वापरून पाहायला सांगावे. परीक्षेपर्यंत अशासाठी, की ऑनलाइन चाचणीच्या सॉफ्टवेअरमध्येच जादा वेळेची सोय नसेल, तर कागदावर मंजूर झालेली सवलत विद्यार्थ्याच्या पदरात पडत नाही.