वैमानिक होण्याचे स्वप्न आणि आपले पहिले शील

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा एक जुनाच प्रश्न मनात पुन्हा जागा झाला. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सायंकाळची वंदना आटोपून मुले ओळीने भोजनगृहाकडे निघाली होती. इतक्यात समुद्राच्या बाजूने एक हेलिकॉप्टर आले आणि सुरूच्या बनावरून उत्तरेकडे निघून गेले. ओळ अर्थातच मोडली. सगळी मुले माना वर करून पाहत राहिली. त्यांतला आठवीचा एक मुलगा माझ्यापाशी येऊन म्हणाला, "सर, सैन्यात वैमानिक झालो तर पहिलं शील मोडतं का?" मी त्याला म्हणालो, "आधी जेवून घे." त्याचे उत्तर मला ठाऊक नव्हते, म्हणून मी तसे म्हणालो, हे आज कबूल करण्यास हरकत नाही.

दुसरा प्रसंग याहून अधिक बोचणारा आहे. आमचाच एक माजी विद्यार्थी पदवी घेऊन भेटायला आला. पोहण्यात तरबेज, उंचपुरा, नजर तीक्ष्ण. हवाई दलात वैमानिक व्हायचे आहे, काय करावे लागेल, असे त्याने विचारले. मी त्याच्याकडून हळूहळू माहिती काढून घेतली. दहावीनंतर त्याने कला शाखा घेतली होती. तालुक्याचे कनिष्ठ महाविद्यालय जवळ होते आणि गणिताची भीती होती. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित नाही, म्हणजे वैमानिकाचा मार्ग त्याच्यासाठी पाच वर्षांपूर्वीच बंद झाला होता. त्या दिवशी तो ज्या शाळेत होता तिथे मी गणित शिकवीत होतो. मी त्याला एका शब्दाने सावध केले नव्हते.

या दोन प्रसंगांतून माझे जे मत बनले ते असे. सैनिकी वैमानिक होण्याचा मार्ग आपल्या शाळेने मुलामुलींना आठवीपासून स्पष्ट सांगितला पाहिजे; आणि तो सांगताना त्यातला नैतिक पेच झाकून ठेवता कामा नये.

सैन्याशी आपल्या समाजाचे नाते आजचे नाही. याच जिल्ह्यातील महाडजवळच्या रावढूळ गावचे गोपाळबाबा वलंगकर हे सैन्यातून निवृत्त झालेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांसाठी लष्कराची भरती बंद झाली, तेव्हा ते दार पुन्हा उघडावे म्हणून त्यांनी लेखणी उचलली. दार बंद झाल्याने काय गेले, हे त्यांना नेमके ठाऊक होते. पगार आणि निवृत्तिवेतन गेले, त्याचबरोबर छावणीतली शाळाही गेली. सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत शिकवीत होते. त्यांचे चौदावे अपत्य १८९१ साली महूच्या छावणीत जन्मले. पुढे १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षणविषयक सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. हा इतिहास आपण दरवर्षी २० मार्चला चवदार तळ्यावर जाताना आठवतो. मात्र आपण आठवतो तो शिपायाचा इतिहास आहे. विमानाच्या आसनावर बसणारा अधिकारी आपल्या कल्पनेत अजून नीट उतरलेला नाही.

तो उतरावा यासाठी फार दूर जायला नको. हवाई दलाचे प्रमुखपद २०२१ ते २०२४ या काळात भूषविणारे एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी हे मूळचे नांदेड जिल्ह्यातील हस्तरा या गावचे. त्यांच्या आधी २००९ ते २०११ या काळात प्रमुख असलेले प्रदीप वसंत नाईक हे साताऱ्याच्या सैनिक शाळेचे विद्यार्थी. ही शाळा १९६१ साली सुरू झाली, आणि ती देशातील पहिली सैनिक शाळा. म्हणजे मराठी मातीला आकाश परके नाही. आपल्या वसतिगृहाला मात्र ते अजून परके आहे.

व्यवहाराची बाजू थोडक्यात सांगतो, कारण पालकांना तिचीच माहिती नसते. खाजगी संस्थेतून नागरी वैमानिकाचा परवाना मिळवायचा तर लाखो रुपये मोजावे लागतात. मासेमारीवर किंवा मजुरीवर चालणाऱ्या घराने त्याचा विचारही करू नये. सैनिकी वैमानिकाला मात्र सरकार स्वतःच्या खर्चाने शिकवते आणि अखेरच्या टप्प्यात विद्यावेतनही देते. पहिली वाट बारावीनंतरची. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा परीक्षा घेतो. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. हवाई आणि नौदल शाखेसाठी बारावीला विज्ञानाचे विषय आणि गणित अनिवार्य. लेखी परीक्षेचे गुण नऊशे, आणि त्यानंतरच्या पाच दिवसांच्या मुलाखत-चाचणीचेही नऊशे. दुसरी वाट पदवीनंतरची. हवाई दलाची स्वतंत्र सामाईक परीक्षा असते; उड्डाण शाखेसाठी वय वीस ते चोवीस आणि पदवीला साठ टक्के गुण. ही पदवी कोणत्याही विषयाची चालते, पण बारावीचे भौतिकशास्त्र आणि गणित इथेही सुटत नाही. माझा तो माजी विद्यार्थी नेमका याच उंबरठ्यावर अडला. तिसरी वाट तटरक्षक दलाची. तिथेही वैमानिकांची भरती होते.

मुलींविषयी वेगळे लिहितो, कारण आपल्या मुलींच्या वसतिगृहात अजूनही परिचारिका आणि शिक्षिका या दोनच व्यवसायांचे तक्ते भिंतीवर आहेत. दोन्ही व्यवसाय थोर आहेत, यात वाद नाही. पण हवाई दलाच्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक २०१६ साली रुजू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर संरक्षण प्रबोधिनीचे दार मुलींना उघडले, आणि सतरा मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये तिथून बाहेर पडली. राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९७७ पासून दहावी झालेल्या मुलांना या परीक्षेसाठी तयार करते. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला आहे. आपल्या शाळेतून या दोन संस्थांकडे गेलेला एकही अर्ज मला आठवत नाही.

एक गोष्ट मुलांना लपवाछपवी न करता सांगायला हवी. या परीक्षांत आरक्षण नाही. कुणाला हे अन्यायाचे वाटेल, कुणाला आव्हानाचे; त्यावर मी इथे वाद घालत नाही. मला एवढेच दिसते की, ज्या मुलाच्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र येत नाही, त्याच्या वाट्याची तयारी शाळेनेच करून द्यावी लागेल. इंग्रजी बोलण्याचा सराव, रोजचे गणित, धावणे, आणि सर्वांत आधी डोळ्यांची तपासणी. वैमानिकाला रंगांची दृष्टी निर्दोष लागते. उंची किमान १६२.५ सेंटिमीटर, पायांच्या लांबीलाही मर्यादा आहेत, कारण विमानातील आसन आणि पायाखालची नियंत्रणे ठरावीक मापाची असतात. याशिवाय हात, पाय आणि डोळे यांचा मेळ तपासणारी एक यांत्रिक चाचणी असते. ती आयुष्यात एकदाच देता येते. तिच्यात अपयश आले की वैमानिकाची वाट कायमची मिटते, बाकीच्या शाखा खुल्या राहतात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला हा धक्का मोठा असतो. तो आधीच सांगितलेला बरा.

आता त्या आठवीतल्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. इतका वेळ मी तो टाळला, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

आपल्या शाळेत दिवसाची सुरुवात प्राणिहिंसेपासून विरत राहण्याच्या शीलाने होते. तेच मूल पुढे शस्त्रसज्ज विमानात बसणार असेल, तर आपण त्याला काय सांगायचे? सोयीचे उत्तर तयार आहे. आपल्याच किनाऱ्यावरची उदाहरणे देऊन ते देता येते. १७ जून २०२१ रोजी रेवदंड्याजवळ भर पावसाळ्यात 'मंगलम' हे जहाज बुडू लागले, तेव्हा तटरक्षक दलाच्या नौकेने आणि दमणहून आलेल्या चेतक हेलिकॉप्टरांनी सोळा खलाशांचे प्राण वाचविले. जुलै २०२४ मध्ये अलिबागजवळ अडकलेल्या जहाजावरील चौदा जणांना हेलिकॉप्टरनेच उचलले. पावसाळी उधाणात आपले कोळी बांधव ज्या पाण्यात होडी घालत नाहीत, त्या पाण्यावर यंत्र स्थिर धरून दोर खाली सोडणारा वैमानिक करुणेचे काम करीत असतो, यात कुणाला शंका नसावी. त्या कामाची किंमतही आपल्याच जिल्ह्याने पाहिली आहे. मार्च २०१८ मध्ये मुरूडजवळ नांदगावच्या किनाऱ्यावर तटरक्षक दलाचे एक चेतक उतरताना दुर्घटनाग्रस्त झाले. त्यात गंभीर जखमी झालेल्या सहवैमानिक, असिस्टंट कमांडंट पेनी चौधरी यांचे त्याच महिन्यात निधन झाले. हरियाणाची ती तरुणी आपल्या समुद्रावर गस्त घालताना गेली.

परंतु हे उत्तर अपुरे आहे. "मी केवळ जीव वाचविणारेच विमान चालवीन" अशी अट घालून कुणाला सैन्यात जाता येत नाही. प्रशिक्षणाच्या पहिल्या टप्प्यानंतर लढाऊ, वाहतूक किंवा हेलिकॉप्टर अशा शाखा ठरतात, आणि त्यांत कौशल्य आणि दलाची गरज यांचा विचार होतो. पूर येईल तेव्हा अन्नाची पाकिटे टाकावी लागतील, आणि युद्ध आले तर आज्ञा वेगळी असेल. ज्याला हे मान्य नाही त्याने या वाटेला जाऊ नये, आणि न गेल्याबद्दल त्याला कुणी भित्रा म्हणू नये.

तथागतांच्या वचनांतही या प्रश्नाचे गुळमुळीत उत्तर नाही. संयुत्त निकायात योधाजीव नावाचा ग्रामणी येतो. रणात लढता लढता मरणारा योद्धा देवलोकी जातो असे जुने आचार्य सांगतात, त्यावर भगवंतांचे मत काय, असे तो विचारतो. भगवंत दोनदा त्याला थांबवितात. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते स्पष्ट सांगतात की, मारण्याच्या इच्छेने भरलेले चित्त घेऊन मरणाऱ्याची गती चांगली नसते. ग्रामणी रडतो, आजवर आपल्याला फसविले गेले याचे त्याला दुःख होते. वीरमरणाच्या गौरवाची गाणी शाळेत लावताना ही कथा मला नेहमी आठवते. दुसऱ्या बाजूला वैशालीचा सेनापती सिंह आहे. तो उपासक होऊ पाहतो तेव्हा भगवंत त्याला घाई न करता विचार करण्यास सांगतात; पूर्वीच्या पंथाच्या साधूंना दान देणे थांबवू नको असेही सांगतात. सेनापतिपद सोड, असे मात्र सांगत नाहीत. आपल्या मांदाडच्या खाडीवरील कुडा लेण्यांत दान कोरून ठेवणाऱ्यांत महाभोज या सत्ताधारी घराण्यातील माणसे आहेत. त्यांच्या पदरी सैनिक नसतील असे मानणे भाबडेपणाचे होईल.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे, आणि अहिंसेकडे नियम म्हणून न पाहता तत्त्व म्हणून पाहिले आहे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व विचार करायला लावते. माझ्या समजुतीप्रमाणे सैनिकी वैमानिकाचा पेच याच ठिकाणी सुरू होतो. गरज कोणती आणि इच्छा कोणती, हे त्याला स्वतःच्या मनात वारंवार तपासावे लागेल. संतापाने विमान चालविणारा माणूस आकाशात सर्वांनाच धोकादायक असतो, हे तर उड्डाणाचे प्रशिक्षकही सांगतील. रोज सकाळी आनापानसतीला बसण्याची सवय लागलेले मूल तिथे कमी पडेल असे मला वाटत नाही. निदान, शत्रूच्या मृत्यूवर टाळ्या वाजविणाऱ्यांच्या गर्दीत ते सामील होणार नाही, एवढी आशा आपण धरू शकतो.

काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. बौद्ध शाळेने सैनिकी मार्गदर्शनाचा वर्ग भरवावा, ही कल्पनाच त्यांना विसंगत वाटते. त्यांचा आक्षेप प्रामाणिक आहे. मी त्यांना एकच विचारतो. आपण माहिती दिली नाही, तर मुले जाणार नाहीत का? ती जातातच. दरवर्षी आपली मुले भरतीच्या मैदानावर पहाटे धावायला जातात आणि शिपाई म्हणून जातात. अधिकारी होण्याची पात्रता असलेले मूल केवळ माहितीअभावी खालच्या पायरीवरून सुरुवात करते, आणि आज्ञा देण्याच्या जागी विवेकी माणूस पोहोचत नाही. हे धम्माच्या दृष्टीने अधिक हिताचे कसे, ते मला कळत नाही.

तो आठवीतला मुलगा आता अकरावीत, विज्ञान शाखेत आहे. मागच्या महिन्यात तो भेटला, तेव्हा त्याला योधाजीव आणि सिंह सेनापती या दोघांच्याही कथा सांगितल्या. त्याने नीट ऐकून घेतले आणि विचार करून सांगतो म्हणाला. मला ते आवडले. व्यवस्थापनाला मात्र माझी एक छोटी विनंती आहे. रंगदृष्टी तपासण्याची ठिपक्यांची पुस्तिका मिळते, ती फार महाग नसते. या वर्षी आठवीच्या आरोग्य तपासणीआधी प्रयोगशाळेसाठी तिची एक प्रत मागवावी.