आधी निदान, आधी औषध

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत फुप्फुस प्रत्यारोपणासाठी आता २० लाखांपर्यंत मदत मिळणार. महागड्या ९ उपचारांसाठी राखीव निधी उभारण्याचा राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय स्वागतार्ह आहे. पण फुप्फुसे निकामी करणारा सिस्टिक फायब्रोसिस हा दुर्मीळ आजार झालेले यवतमाळचे लेकरू त्या निधीपर्यंत पोहोचणार कसे? झरी जामणीच्या किंवा उमरखेडच्या आईला लेकराचा मुका खारट लागतो. छातीतला चिकट कफ सुटत नाही, खाल्लेले अंगी लागत नाही. दवाखान्यात आधी न्यूमोनिया म्हणतात, मग टीबीच्या गोळ्या सुरू होतात. खरा आजार कळायला घामातल्या क्लोराइडची तपासणी लागते. तीच वेळेत झाली नाही, तर हे २० लाख कुणासाठी?

सरकारला शेवटचा टप्पा दिसतो, पहिला दिसत नाही. प्रत्यारोपण हा सगळे उपाय थकल्यावरचा उपाय आहे. दात्याचे फुप्फुस शरीराबाहेर जेमतेम काही तास टिकते. शस्त्रक्रियेनंतर महिनोन्महिने रुग्णालयाजवळ खोली करून राहावे लागते आणि शरीराने नवे फुप्फुस नाकारू नये म्हणून जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. कापसाच्या चुकाऱ्याची वाट पाहणाऱ्या घराने हे कसे पेलायचे? यवतमाळहून नागपूर गाठायचे तरी दीडशे किलोमीटर.

औषधाच्या बाबतीत तर संतापच येतो. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ट्रायकाफ्टा या सिस्टिक फायब्रोसिसवरील औषधामुळे तिकडे अनेकांची प्रत्यारोपणाची वेळच टळली. त्याची तिथली किंमत वर्षाला ३ लाख डॉलरहून अधिक. अर्जेंटिनात तेच औषध स्थानिक कंपनी बनवते. आपल्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात या आजाराचे नाव आहे, पण मदतीची कमाल मर्यादा ५० लाख. रोज आयुष्यभर घ्यायच्या औषधाला ती किती पुरणार? २०१२ मध्ये बायर कंपनीचे कर्करोगावरील औषध स्वस्तात बनवण्यासाठी नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना देणारा हाच देश आहे. कायदा तोच आहे, कमी पडते ती इच्छाशक्ती.

आजार दुर्मीळ आहे म्हणून रुग्ण दुर्लक्षित ठेवायचे, हे चालणार नाही. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात घामाची तपासणी, छातीची फिजिओथेरपी आणि पचनाची एन्झाइम्स नियमित व मोफत मिळालीच पाहिजेत. केंद्राने स्वस्त औषधाचा मार्ग मोकळा केलाच पाहिजे. तोवर राखीव निधीची घोषणा यवतमाळच्या लेकरांसाठी कागदावरच राहील.