गाडीवरच्या माणसाचा रकाना

मार्च 2025 मध्ये आमच्या पिशोरच्या घाटात उसाने भरलेला ट्रक उलटला. उसाखाली दबून सहा मजूर गेले. पेपरात मृतांचा आकडा आला, जखमींचाही आला. पण ऊस उपसून ज्यांनी ती माणसे बाहेर काढली, दवाखान्यापर्यंत नेली, त्यांना पुढे झोप लागली का, हे कोणी विचारल्याचे आमच्या ऐकण्यात नाही.

वाचकहो, 108 नंबरची रुग्णवाहिका आपल्या राज्यात 2014 साली 937 गाड्यांनिशी सुरू झाली. इतर राज्यांत गाडीवर बहुधा प्रशिक्षित पॅरामेडिक असतो. आपल्याकडे डॉक्टर ठेवला, त्यांत बरेचसे बीएएमएस, आणि सोबत चालक. अडलेली बाळंतीण असो की फवारणीचे औषध प्यालेला शेतकरी, ही गाडी फुकट येते, जात विचारत नाही. गाडी उशिरा आली की आपण सारे बोंब मारतो, आणि ते रास्तच आहे.

आम्ही पडलो कारकून. ज्या गोष्टीला रकाना नाही ती गोष्ट सरकारदरबारी नसतेच, हे आम्हाला पक्के ठाऊक. फोन किती वाजता आला, गाडी किती वाजता पोहोचली, याचे रकाने आहेत. गाडीवरच्या माणसाच्या मनाचा नाही.

बाहेरच्या देशांतील संशोधकांनी तो आखला. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातील 27 पाहण्या एकत्र केल्या होत्या. माहिती तीस हजारांवर रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांची. शंभरातील सुमारे 11 जणांना आघातानंतरचा मनोविकार, म्हणजे पाहिलेले पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, दचकून उठणे. 15 जणांना नैराश्य. तिकडे पॅरामेडिकचे काम केलेली माणसेच पुढे पीएचडी करून आपल्या पेशाचा अभ्यास करतात. आम्हाला हे फार मोलाचे वाटते. या पेशाचा पायाही अशाच माणसांनी घातला. 1967 साली अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात डॉ. पीटर सफार यांनी काळ्या वस्तीतील बेकार तरुणांना शिकवून फ्रीडम हाऊसच्या गाड्यांवर नेमले. त्याआधी तेथे पोलीसच रोग्याला गाडीत टाकून नेत. 1975 साली शहराने स्वतःची सेवा काढली नि फ्रीडम हाऊस बंद पडले. असो.

आमच्या विद्यापीठात मानसशास्त्र विभाग आहे. आपली मुले-मुली तेथे शिकतात आणि विषय सुचत नाही म्हणून तेच ते प्रबंध उरकतात. त्यांनी कन्नड, पिशोर, सिल्लोडच्या गाड्यांवर जावे. इंग्रजी प्रश्नावली नको, आपल्या बोलीत विचारावे. नोकरी कंत्राटी, खरे बोललो तर काढून टाकतील ही धास्ती असणारच, तेव्हा नाव लिहून घेऊ नये. नुसत्या डॉक्टरांना विचारून परतू नये. चालकाला विचारावे, आणि जमल्यास त्याच्या घरच्या बाईलाही. तो रात्री किती वेळा उठून बसतो, हे तिलाच माहीत असते.