टायर टिकाऊ हवा, पण पावसात थांबणाराही!

गाडी घ्यायची ठरली की घरात चार-चार दिवस चर्चा रंगते. रंग कोणता, डिकी केवढी, लिटरला किती जाते, या सगळ्याचा काथ्याकूट होतो. पण त्याच गाडीचे टायर बदलायची वेळ आली की दुकानदाराला एकच प्रश्न विचारला जातो, “सगळ्यात जास्त चालणारा कोणता?”

साध्या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न फारसा चुकीचा नाही. मात्र घरात वेगवान, स्पोर्ट्स प्रकारची गाडी असेल आणि तीच रोज ऑफिसला, पाळणाघराला आणि मंडईलाही जात असेल, तर एवढ्या एकाच प्रश्नावर निर्णय घेणे महागात पडू शकते.

पुण्यातल्या अशा एखाद्या घरातला संवाद कुणालाही ओळखीचा वाटेल. मुलगा म्हणतो, “बाबा, या गाडीला मऊ रबराचेच टायर लागतात.” वडिलांचे उत्तर तयार असते, “अरे, पण पंचवीस हजार किलोमीटरमध्ये गुळगुळीत झाले ना ते! या वेळी चाळीस हजार चालतील असे घे.” तेवढ्यात सूनबाई म्हणते, “आणि पावसात ताम्हिणी घाट उतरताना मागच्या सीटवर बाळ असतं, त्याचं काय?”

गंमत म्हणजे तिघांचेही बरोबर असते. प्रश्न फक्त या तिन्ही गोष्टींचा मेळ घालण्याचा असतो.

खोडरबराची गोष्ट

शाळेतले दोन खोडरबर आठवा. मऊ खोडरबर छान खोडतो, पण महिन्याभरात झिजून जातो. कडक खोडरबर वर्षभर टिकतो, पण कागदावरून नुसता घसरतो. टायरचेही बरेचसे असेच आहे. मऊ रबर रस्त्याच्या बारीकसारीक खड्डे-उंचवट्यांत रुतते, त्यामुळे पकड चांगली मिळते, पण झीजही लवकर होते. कडक रबर जास्त टिकते, पण ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक दाबल्यावर गाडी थोडी पुढे जाऊन थांबते. आणि ही ‘थोडी’ म्हणजे कधीकधी पुढच्या गाडीच्या बंपरपर्यंतची.

प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. दीड टनाची गाडी, आतली माणसे आणि तिचा सारा वेग या चार तळहातांवर सांभाळलेला असतो. इंजिन कितीही ताकदवान असो, ब्रेक कितीही उत्तम असोत, शेवटी थांबायचे ते या चार तुकड्यांच्या जोरावरच.

सुदैवाने १९९० च्या दशकापासून टायरच्या रबरात सिलिका मिसळण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे ओल्या रस्त्यावरची पकड फारशी न गमावताही टायर पूर्वीपेक्षा जास्त टिकू लागले. म्हणजे आज ‘टिकाऊ की सुरक्षित’ असे दोन टोकांचे प्रश्न उरलेले नाहीत. मधला मार्ग आहे, तो फक्त नेमका शोधायला हवा.

टायरवर लिहिलेले वाचा

टायरच्या बाजूला बरेच काही कोरलेले असते, पण आपण ते वाचत नाही. अनेक वेगवान सेदान व हॅचबॅक गाड्यांना २२५/४५ आर १७ या मापाचे टायर असतात. यातला २२५ हा आकडा म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ४५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १७ हा रिमचा इंचांतला व्यास. त्यापुढे ९१ डब्ल्यू असे असेल तर एका टायरची भार पेलण्याची मर्यादा ६१५ किलो आणि वेगाची मर्यादा ताशी २७० किलोमीटर असते. ‘व्ही’ असेल तर २४० आणि ‘एच’ असेल तर २१०.

आता कोणी म्हणेल, “एवढ्या वेगाने चालवतो कोण? एच घेतला तर काय बिघडले?” पण हे अक्षर केवळ वेगाचे नसते. वेगाबरोबर वाढणारी उष्णता टायर किती सहन करतो, हेही ते सांगते. गाडीच्या कंपनीने जे अक्षर आणि जो भारांक दिला आहे, त्याच्या खालचा टायर स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका.

अनेक आंतरराष्ट्रीय बनावटीच्या टायरवर आणखी एक आकडा असतो, तो ट्रेडवेअरचा. ही अमेरिकी सरकारने घालून दिलेली पद्धत आहे. टेक्सासमधल्या ठरावीक रस्त्यांवर टायर सुमारे ११,५०० किलोमीटर चालवून त्याची झीज मोजतात. प्रमाण म्हणून घेतलेल्या टायरला १०० धरले, तर ३०० आकड्याचा टायर त्या रस्त्यावर तिप्पट टिकावा अशी अपेक्षा असते. शर्यतीच्या मैदानासाठीच्या टायरचा आकडा साधारण २०० किंवा त्याहून कमी असतो. वेगवान गाड्यांच्या उत्तम टायरचा ३०० च्या आसपास असतो, तर लांब प्रवासाच्या टिकाऊ टायरचा ५०० च्या वरही जातो.

मात्र हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते. त्यामुळे एकाच कंपनीचे दोन टायर ताडून पाहायला तो उपयोगी पडतो, पण दोन वेगळ्या कंपन्यांची तुलना केवळ त्यावरून करणे धोक्याचे. त्याच्याच शेजारी ‘एए’, ‘ए’, ‘बी’ किंवा ‘सी’ असे अक्षर असते. ते ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावल्यावर मिळणाऱ्या पकडीचे असते. रोजच्या वेगवान गाडीसाठी आकडा मोठा बघा, पण अक्षर ‘ए’च्या खाली जाऊ देऊ नका.

पैशांचा हिशेब

आता वडिलांच्या मुद्द्याकडे येऊ. समजा, मऊ टायर १०,००० रुपयांना मिळतो आणि २५,००० किलोमीटर चालतो. टिकाऊ टायर १२,००० रुपयांना मिळतो आणि ४०,००० किलोमीटर चालतो. म्हणजे किलोमीटरमागे एका टायरचा खर्च पहिल्याचा ४० पैसे, तर दुसऱ्याचा ३० पैसे. वर्षाला १२,००० किलोमीटर गाडी चालत असेल, तर चार टायरमागे वर्षाची बचत ४,८०० रुपये. रक्कम अगदीच लहान नाही. पण बंपर आणि हेडलाइट बदलायचे एकच बिल आले तर ती कुठच्या कुठे जाते.

या हिशेबाला दुसरीही बाजू आहे. गाडी वर्षाला जेमतेम ६,००० किलोमीटर चालत असेल, तर ४०,००० किलोमीटर व्हायला साडेसहा वर्षांहून अधिक काळ लागेल. तोवर ऊन आणि हवेमुळे रबर आपोआपच कडक होत जाते, त्याला बारीक चिरा पडू लागतात. टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि कितीही नवा दिसला तरी दहा वर्षांपुढे वापरू नये, असे अनेक टायर कंपन्याच सांगतात. म्हणजे कमी फिरणाऱ्याने टिकाऊपणासाठी जादा पैसे मोजून काहीच साधत नाही. त्याने पकड चांगली असलेला टायर खुशाल घ्यावा. ज्याची गाडी रोज चाळीस-पन्नास किलोमीटर धावते, त्यानेच टिकाऊपणाचा विचार आधी करावा.

पावसाची परीक्षा

सूनबाईंचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नव्या टायरच्या खाचा साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असतात. रस्त्यावरचे पाणी बाजूला सारण्याचे काम त्या करतात. खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर पडायला जागा उरत नाही. टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग फिरवले तरी गाडी वळत नाही. टायर जितका रुंद आणि वेग जितका जास्त, तितका हा धोका लवकर येतो. रुंद टायरमुळे गाडी ऐटबाज दिसते म्हणून मापाबाहेर जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की खोली १.६ मिलिमीटर उरली असे समजायचे. मोटारींसाठी ही कायदेशीर किमान मर्यादा आहे. पण पावसाळ्यात तिथवर थांबणे शहाणपणाचे नाही. मे महिन्यात खोली तीन मिलिमीटरवर आलेली दिसली, तर जूनच्या आधीच टायर बदलावेत. खोली मोजण्याचे छोटे साधन स्वस्तात मिळते.

टिकाऊ टायर निवडताना एक मेख असते, ती इथेच. मऊ टायर झिजला की लगेच दिसतो आणि माणूस तो बदलतो. कडक टायरच्या खाचा मात्र वर्षानुवर्षे खोल दिसत राहतात आणि रबर जुने झाल्याचे कुणाच्या लक्षातच येत नाही.

आयुष्य वाढते निगेने

टायर किती टिकेल हे कंपनीइतकेच मालकावरही अवलंबून असते. हवा कमी असेल तर टायरच्या दोन्ही कडा झिजतात, जास्त असेल तर मधला भाग. हवा किती हवी, हे बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. पंधरा दिवसांतून एकदा, गाडी फार चाललेली नसताना, म्हणजे टायर थंड असताना हवा तपासावी. स्टेपनी विसरू नये.

स्पोर्ट्स गाड्यांची चाके वळणावर पकड मिळावी म्हणून बऱ्याचदा किंचित आत कललेली असतात. त्यामुळे टायरची आतली कड आधी झिजते आणि बाहेरून पाहणाऱ्याला टायर ठणठणीत वाटतो. म्हणून अधूनमधून गाडी लिफ्टवर चढवून आतली बाजू पाहून घ्यावी. मोठा खड्डा आदळला की अलाइनमेंट तपासावी. दर ८ ते १० हजार किलोमीटरला पुढची चाके मागे आणि मागची पुढे करून घ्यावीत. मात्र पुढची-मागची मापे वेगळी असतील तर अशी अदलाबदल करता येत नाही. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर चाक त्याच बाजूला ठेवूनच पुढे-मागे करावे.

दुकानात गेल्यावर

टायर बनल्याची तारीख चार आकड्यांत कोरलेली असते. २३२४ असे असेल तर तो २०२४ सालच्या २३व्या आठवड्यातला. दोन-तीन वर्षे गोदामात पडून असलेला टायर ‘स्कीममध्ये’ मिळतो म्हणून भुलू नका.

चारही टायर एकाच वेळी आणि एकाच प्रकारचे बदलणे उत्तम. दोनच बदलायचे असतील तर नवे टायर मागे बसवावेत. पुष्कळांना हे उलटे वाटते. पण पुढची चाके घसरली तर वेग कमी करून गाडी बहुधा सावरता येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि सर्वसाधारण चालकाच्या हातात काही राहत नाही. गाडीची चारही चाके इंजिनवर चालत असतील, तर दोनच टायर बदलण्यापूर्वी कंपनीची सूचना जरूर वाचावी.

नव्या टायरवर सुरुवातीचे काही दिवस गुळगुळीतपणा असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर गाडी बेताने चालवावी.

पुण्याच्या त्या घरात यावरून निर्णय कठीण राहत नाही. गाडी रोज धावते, तेव्हा वडिलांचे ऐकून मोठ्या आकड्याचा टायर घ्यायचा. माप आणि वेगाचे अक्षर मुलाचे ऐकून कंपनीने दिले तेच ठेवायचे. आणि ओल्या रस्त्यावरच्या पकडीचे अक्षर सूनबाईंनी स्वतः दुकानात वाकून वाचायचे. हवा तपासण्याचे काम आजोबांकडे सोपवले, तर टायर चाळीस हजार किलोमीटर चालण्याची शक्यता आणखी वाढते.